पुनमची पाटी

मुदखेडच्या स्टेशन रोडवर मुबश्शिरानं दुकानाचं शटर नुकतंच वर ढकललं होतं, तेवढ्यात सिंधु मुलीची चाकाची खुर्ची ओढत दारात आली. उलटी ओढत आली होती, कारण गटारीवरच्या फरशीला मोठी भेग होती आणि पुढची चाकं त्यात अडकायची. तिनं पदरात गुंडाळलेला टॅब काढून काउंटरवर ठेवला. तिला धाप लागली होती.

"ताई, हे बघा. सकाळपासून निस्तं नावच दाखवून राहिलंय. पुढं जाईना."

स्क्रीनवर कंपनीचं नाव उजळायचं, क्षणभर थांबायचं, विझायचं आणि परत उजळायचं.

मुबश्शिरा या मायलेकींना ओळखत होती. मागं याच टॅबचं चार्जिंगचं तोंड तिनं बदलून दिलं होतं. पुनम बावीस वर्षांची. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, त्यामुळे तिचे हातपाय तिचं ऐकत नसत आणि तोंडातून शब्द निघत नसे. निघायचे ते आवाज फक्त आईला कळायचे. मात्र डाव्या हाताचा अंगठा तिच्या हुकमात होता. नांदेडच्या शाळेतल्या एका बाईंनी त्या अंगठ्यासाठी टॅबमध्ये चौकोनांची एक पाटी बसवून दिली होती. एकेका चौकोनावर एकेक शब्द. चौकोन दाबला की शब्द वर ओळीत जाऊन बसायचा, आणि ओळ पुरी झाली की टॅब ती मोठ्यानं बोलून दाखवायचा. बाई बदली होऊन गेल्या, पण पाटी वाढत राहिली. सगळे चौकोन स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात गर्दी करून होते, कारण अंगठा तिथवरच पोचायचा. पाणी, आई, दुखतंय इथून सुरुवात झाली होती. पुढं सोयाबीन आलं, रेडकू आलं, मतदान आलं, 'मधे बोलू नका' आलं. कुठला शब्द कुठं बसवायचा हे पुनमनं स्वतः ठरवलेलं होतं.

"आज दुपारी तीनला नांदेडला बोलावलंय," सिंधु म्हणाली. "कलेक्टर हापिसात. आजच."

मग तिनं सगळं सांगितलं. तिचा नवरा बजरंग मागच्या साली गेला. जाण्याआधी त्यानं आपल्या वाट्याची जमीन पुनमच्या नावानं करून ठेवली होती. तो गेल्यावर त्याचा धाकटा भाऊ श्रीमंत यानं, पुनमला स्वतःचा निर्णय घेता येत नाही, सबब मला तिचा कायदेशीर पालक करा, असा अर्ज दिला. पुनमला लातूरच्या एका निवासी संस्थेत ठेवायचं आणि शेत आपण बघायचं, असं त्याचं म्हणणं होतं. ते कळल्यावर सिंधुनंही तसाच अर्ज दिला, की पालक मला करा. जिल्ह्याच्या समितीनं दोघांना बोलावलं होतं आणि सोबत पुनमलाही आणा म्हणून बजावलं होतं. तिचं म्हणणं तिच्याकडूनच ऐकायचं होतं.

"रातच्याला त्याच्यावर काहीतरी अपडेट आलं," सिंधु म्हणाली. "मी चार्जिंगला लावायचं इसरले. मधीच बंद पडलं असंल. अन् आता ही बोलणार कशी?"

पुनमचे डोळे टॅबवर खिळलेले होते. तिचा अंगठा खुर्चीच्या हातावर आपोआप हलत होता, जणू तिथंही चौकोन होते.

मुबश्शिरानं टॅब बंद केला, बटणं दाबून दुसऱ्या वाटेनं चालू करून पाहिला. काय झालंय ते लवकरच लक्षात आलं. टॅबला चालवणारी जी मूळ व्यवस्था असते, ज्याला फर्मवेअर म्हणतात, ती अपडेट होताना निम्मी नवी आणि निम्मी जुनी अशी लिहिली गेली होती. ती पुन्हा नीट लिहावी लागणार होती. दुकानाच्या भाषेत, फ्लॅश मारावा लागणार होता. हे काम ती रोज करायची. पण रोजच्या गिऱ्हाइकाला ती आधीच सांगून टाकायची की आतलं सगळं पुसलं जाईल, आणि गिऱ्हाईक मान हलवायचं.

पाटीची प्रत कुठं ठेवली आहे का, असं तिनं विचारलं. सिंधुला प्रत म्हणजे काय तेच आधी समजेना. समजल्यावर तिनं नाही म्हणून मान हलवली.

मुबश्शिरानं तिला समजावून सांगितलं. टॅबच्या पोटात दोन खोल्या आहेत असं धरा. एकीत कंपनीचं सामान, दुसरीत पुनमचं. दोन्ही खोल्या साफ करून नवं सामान भरलं, तर टॅब नक्की चालू होईल, पण पाटी जाईल. दुसरा मार्ग असा, की फक्त कंपनीची खोली उघडायची आणि पुनमच्या खोलीच्या दाराला हातही लावायचा नाही. तसं जमलं तर पाटी जशीच्या तशी मिळेल. पण या कंपनीनं टॅब बनवणं कधीच सोडलं होतं, तिची साइटही बंद पडली होती. फाइल मिळणार ती रिपेअरवाल्यांच्या ग्रुपवरची, कुणीतरी कुठून तरी काढून टाकलेली. ती चुकीची निघाली तर टॅब पार बंदही पडू शकतो.

"पुसू नका," सिंधु लगेच म्हणाली. मग म्हणाली, "न्हाई, पण चालू तर झालं पायजे. कोऱ्या पाटीवरबी काही तरी करंल ती. न्हाई का? तुमीच सांगा ताई. काय करू?"

मुबश्शिरा उत्तर देणार होती. साधा मार्ग सांगणार होती, दुकानदारानं सांगावा तो. तेवढ्यात पुनमनं घशातून एक आवाज काढला आणि मुबश्शिराची नजर तिच्याकडे गेली. आपण दोघी मघापासून हिच्या डोक्यावरून बोलतोय हे तिच्या ध्यानात आलं. काउंटरच्या मागून बाहेर येऊन ती खुर्चीसमोर उकिडवी बसली. पाटी नसली की पुनम 'हो' म्हणायला नजर वर उचलायची आणि 'नाही' म्हणायला डोळे मिटायची. मुबश्शिरानं तिला दोन्ही मार्ग पुन्हा सांगितले, धोका न लपवता.

"पुसून चालू करू?"

पुनमनं डोळे मिटले. घट्ट मिटले.

"न पुसता प्रयत्न करू? टॅब कायमचा जाईल कदाचित. तीन वाजता हातात काहीच नसंल."

पुनमची नजर वर गेली आणि बराच वेळ वरच राहिली.

सिंधु काहीतरी म्हणू पाहत होती. पण मुबश्शिरा तोवर उठून लॅपटॉपकडे गेली होती.

ग्रुपवर फाइल मिळाली. नाव तेच, व्हर्जनचा आकडा तोच. आकडा तिनं पुन्हा पुन्हा ताडून पाहिला, कारण जुनं व्हर्जन घातलं तर टॅब पुनमच्या खोलीची किल्लीच ओळखणार नव्हता. लॅपटॉपवर भागांची यादी उघडली. प्रत्येक ओळीसमोर टिक होती. जिथं मालकाचा डेटा असतो त्या ओळीची टिक तिनं काढली. खाली 'फॉरमॅट' लिहिलेलं होतं, ते बदलून 'फक्त डाउनलोड' केलं. माऊसवर बोट ठेवून तिनं ती एक रिकामी चौकट परत बघितली. मग आवाजाचं बटण दाबून धरून केबल खोचली.

लाल पट्टी सरकली. मग पिवळी सुरू झाली. शेजारी तिचे वडील चांदपाशा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनीही भिंग डोळ्यावरून काढलं आणि मान वळवून स्क्रीनकडे पाहत बसले. बाहेरून एक मालगाडी गेली तशी काउंटरची काच थरथरली. मुबश्शिरानं केबल दोन बोटांत धरून ठेवली. पिवळी पट्टी टोकाला पोचली आणि मधोमध हिरवं वर्तुळ आलं.

"झालं?" सिंधुनं विचारलं.

मुबश्शिरानं केबल काढून बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा, जास्त वेळ दाबून धरलं. मघाशी निदान कंपनीचं नाव तरी येत होतं. आता स्क्रीन काळीठिक्कर होती आणि तिच्यात मुबश्शिराला स्वतःचा चेहरा दिसत होता.

 तिनं केबल परत लावली तेव्हा लॅपटॉपनं बारीक टिंग वाजवलं, म्हणजे आतली चिप जिवंत होती. पण चालू व्हायची जी पहिली पायरी असते, तीच बसली नव्हती.

हे सांगितल्यावर सिंधुचा तोल गेला. तुम्हाला येत नव्हतं तर हात कशाला लावला, ती पोरगी काही बोलत नाही म्हणून तिच्यावर तुम्ही शिकून घेताय का, असं ती बोलत गेली आणि बोलता बोलता रडायला लागली. मुबश्शिरानं ऐकून घेतलं. खाली बसून तिनं पुनमला सांगितलं, "बंद पडलाय. माझ्या हातून पडलाय. खोली पुसली नसावी असं मला वाटतं, पण आत्ता ते सांगता येत नाही. अजून बघू का?"

पुनमच्या कपाळावर घाम होता. तिनं नजर वर केली.

मुबश्शिरानं प्लास्टिकचं पान घालून टॅबची पाठ उघडली. आतल्या हिरव्या पट्टीवर बारीक अक्षरांत बोर्डाचा नंबर होता. ग्रुपवरच्या फाइलसोबत एक फोटो होता, त्यात शेवटचं अक्षर वेगळं होतं. कंपनीनं एकाच नावाचे टॅब दोन तऱ्हेचे काढले होते. बाहेरून सारखे, आतून सुरू होण्याची रीत निराळी. बाकीचं सगळं सामान चालणार होतं. फाइलमधला फक्त सुरुवातीचा लहानसा तुकडा बदलायला हवा होता, आणि तो तुकडा याच नंबरच्या जिवंत बोर्डाखेरीज कुठं मिळणार नव्हता.

तिला यासेर आठवला. यासेर तिच्या खालाचा, म्हणजे मावशीचा मुलगा, लातूरला मोबाइल दुरुस्ती करायचा. तिथला एक क्लास बंद पडला तेव्हा मुलांना वाटलेले जुने टॅब त्यानं पोत्यानं उचलले होते, सुट्या भागांसाठी. ते याच कंपनीचे असल्याचं त्यानं एकदा हसत सांगितलं होतं.

तिनं फोन लावला. सगळं ऐकून यासेर म्हणाला की पोती माळ्यावर आहेत, काढतो, पण एकेक उघडून बघावा लागेल. मग एकेका बोर्डाचे फोटो येऊ लागले. शेवटचं अक्षर वेगळं. पुन्हा वेगळं. एका टॅबमध्ये बोर्डच नव्हता, कुणीतरी आधीच काढून नेलेला. मुबश्शिरा प्रत्येक फोटो मोठा करून बघायची आणि 'नाही' लिहायची. सिंधु पायरीवर बसून राहिली. चांदपाशांनी तिला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. तिनं तो घेतला, पण तोंडाला लावला नाही.

दुपार झाली तशी दारात जीप थांबली आणि श्रीमंत उतरला. घरी कुणी नाही म्हणून तो विचारत विचारत इथवर आला होता. पांढरा सदरा, डोक्याला उपरणं. आवाज मऊ. चाकाची खुर्ची घेऊन रेल्वेत चढणं अवघड, म्हणून त्यानं आदल्या दिवशीच निरोप दिला होता की मी गाडी आणतो, सगळे संगं जाऊ. अर्जाचं भांडण असलं तरी पुतणीला फरफटत न्यावं असं त्याच्या मनात नव्हतं. उघडा पडलेला टॅब बघून त्याचा चेहरा गंभीर झाला.

"बिघडलं का? असू द्या वैनी. मी सांगतो ना तिथं. बिघडलंय म्हणलं की झालं. तिचं बरंवाईट आपण दोघंच सांगणार, ती काय सांगणार हाय बिचारी."

पुनमची मान ताठ झाली. मुबश्शिराला ते दिसलं, श्रीमंतला दिसलं नाही.

त्याच वेळी लातूरहून फोटो आला. स्क्रीन फुटलेला टॅब, पण बोर्डावरचं शेवटचं अक्षर जुळत होतं. यासेरनं लिहिलं होतं, हा चालू होतोय, तुकडा काढून पाठवतो, थोडा वेळ दे.

वेळ द्यायला उरला नव्हता. मुबश्शिरानं टॅबची पाठ दाबून बसवली, लॅपटॉप पिशवीत टाकला, केबल खिशात घातली आणि वडिलांना म्हणाली, "अब्बा, दुकान देखो. मैं जाके आती." चांदपाशांनी नुसती मान हलवली.

जीपमध्ये पुढं श्रीमंत आणि सिंधु. मागं पुनम, उशांच्या आधारानं बसवलेली, आणि तिच्या शेजारी मुबश्शिरा, मांडीवर लॅपटॉप घेऊन. खुर्ची घडी घालून टपावर बांधली होती. गाव मागं पडल्यावर मोबाइलचं नेट एकदा गेलं, आलं, पुन्हा गेलं. श्रीमंत आरशातून मागं बघत होता. मध्येच त्यानं विचारलं की हे चालू झालं तर ती खरंच सगळं बोलते का, की शिकवलेलं असतं तेवढंच. मुबश्शिरा म्हणाली, मला माहीत नाही, मी तिच्याशी आजच बोलले. सिंधु खिडकीबाहेर बघत राहिली.

मग फोन थरथरला. तुकडा आला होता. मुबश्शिरानं तो लॅपटॉपवर घेतला, जुन्या फाइलींच्या गठ्ठ्यातून चुकीचा तुकडा काढला, हा त्या जागी ठेवला. यादी उघडली. मालकाच्या डेटासमोरची टिक तिनं पुन्हा काढली. गाडी खड्ड्यात आदळली, लॅपटॉप उडाला आणि तिनं तो छातीशी धरला. असा धक्का फ्लॅश चालू असताना बसला आणि केबल हलली, तर सगळं संपणार होतं.

"काका, गाडी थांबवावी लागंल."

"आता? उशीर होईल पोरी. साहेब लोक आपल्यासाठी थांबत न्हाईत."

"थोडाच वेळ. चालत्या गाडीत न्हाई होणार हे."

गाडी तशीच पुढं जात राहिली. सिंधुनं मान वळवून दिराकडे पाहिलं. थांबायला नको असेल तर त्याला फक्त चालवत राहायचं होतं, बाकी काही करायचं नव्हतं. पुढं एका लिंबाच्या झाडापाशी त्यानं गाडी हळू केली, कडेला घेतली आणि इंजिनही बंद केलं.

"करा," तो म्हणाला. "पण लवकर."

लाल पट्टी. पिवळी पट्टी. शेजारून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या आणि त्यांच्या वाऱ्यानं जीप डुलत होती. पुनमचा हात अचानक झटक्यानं हलायचा, ते तिच्या ताब्यात नव्हतं. म्हणून तिनं तो आपल्याच मांडीखाली दाबून धरायचा प्रयत्न चालवला होता. ते पाहून मुबश्शिरानं आपला एक हात तिच्या हातावर ठेवला आणि दुसऱ्यानं केबल धरली. श्रीमंत स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. त्यानं एकदा घड्याळ पाहिलं.

हिरवं वर्तुळ आलं. मुबश्शिरानं केबल काढली आणि बटण दाबलं.

काळं. अजून काळं. मग कंपनीचं नाव उजळलं.

"चला काका," ती म्हणाली.

नाव विझलं नाही. त्याच्याखाली एक बारीक रेघ फिरू लागली आणि नांदेड येईपर्यंत फिरतच राहिली. मुबश्शिराला ठाऊक होतं की आता दोनच गोष्टी होऊ शकतात. 'स्वागत आहे, भाषा निवडा' असा पडदा आला, तर खोली पुसली गेली. पुनमचा स्वतःचा पडदा आला, तर पाटी आहे. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. पुनमला मात्र सांगितलं, हळूच, कानाशी.

कचेरीच्या व्हरांड्यात शिपायानं त्यांची नावं विचारली आणि आतलं प्रकरण संपत आलंय, पुढचे तुम्हीच, म्हणून सांगितलं. खुर्ची उघडून पुनमला बसवलं, टॅब तिच्या मांडीवरच्या फळीला अडकवला. रेघ फिरतच होती. आतून लोक बाहेर पडले. शिपायानं पुनमचं नाव पुकारलं. श्रीमंत आणि सिंधु दोघंही एकदम उठले.

पडदा पांढरा झाला. स्वागताचा पडदाही पांढराच असतो. मग त्यावर पुनमचं काळंभोर रेडकू उमटलं, कान टवकारलेलं, मागं कडब्याची गंजी. पुनमच्या तोंडून मोठा आवाज निघाला, आणि व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली. तिचा अंगठा आधीच कोपऱ्यात पोचला होता. चौकोन आपापल्या जागी होते.

तिनं पहिली ओळ लिहून बोलायचा चौकोन दाबला. टॅब बोलला नाही.

मराठी आवाज नव्या फर्मवेअरसोबत आला नव्हता. तो नेटवरून उतरवून घ्यावा लागणार होता, आणि त्या जाड भिंतींच्या व्हरांड्यात फोनवर नेटची एक काडी कशीबशी येत होती. शिपायानं पुन्हा हाक मारली. तसेच सगळे आत गेले.

लांब टेबलाच्या मागं तिघं बसले होते. मधल्या बाई अध्यक्ष होत्या, डोळ्यांखाली दमणूक दिसत होती. त्यांनी अर्ज पाहिले आणि पुनमला विचारलं की तुम्ही बोलू शकता का. सिंधुनं घाईघाईनं सांगितलं की बोलते, टॅबवर बोलते, पण आज आवाज नाही, अक्षरं दिसतात. बाई म्हणाल्या, मग कुणीतरी वाचून दाखवा, सगळ्यांना ऐकू जायला पाहिजे आणि नोंदही व्हायला पाहिजे. मुबश्शिरा पुढं झाली.

"ही नको," श्रीमंत म्हणाला. "ही वैनीनं आणलेली हाय. काहीबी वाचंल. अन् वैनी तर नकोच."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "मग तुम्ही वाचा. मी मागं उभी राहून बघते."

श्रीमंतला हे अपेक्षित नव्हतं. पण नाही म्हणायला जागाही नव्हती. तो खुर्चीजवळ गेला आणि वाकला. बाई टेबलाला वळसा घालून त्याच्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

पहिला प्रश्न त्यांनी असा विचारला, की ज्याचं उत्तर कुणी आधी शिकवून ठेवलेलं नसेल. आज इथं कशा आलात?

अंगठा सरकू लागला. हळू जायचा, कधी शेजारच्या चौकोनावर पडायचा, मग पुसायचा, परत जायचा. खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता. ओळ पुरी झाली तरी श्रीमंत नुसता स्क्रीनकडे बघत होता.

"वाचा," बाई म्हणाल्या.

"काकाची जीप," श्रीमंतनं वाचलं. "टॅब बंद. काकानी गाडी थांबवली. थांबवली म्हणून चालू." तो थांबला. मग पुढचं वाचलं. "काका, धन्यवाद."

त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. पुनम त्याच्याकडे बघत नव्हती, तिचं लक्ष पुढच्या शब्दाकडे होतं.

बाईंनी विचारलं की काकांनी पालक व्हावं असं तुम्हाला वाटतं का.

या वेळी अंगठा जास्त वेळ चालला. मुबश्शिरा दाराशी उभी होती, तिथून तिला अक्षरं दिसत नव्हती. तिला फक्त श्रीमंतचा चेहरा दिसत होता. ओळी भरत गेल्या तसा तो चेहरा लाल होत गेला. मोठ्यानं न वाचता तो ओठातल्या ओठात वाचत होता.

"मोठ्यानं," बाई म्हणाल्या.

श्रीमंतनं मान वर केली. त्यानं सिंधुकडे पाहिलं, मग टेबलाकडे. क्षणभर असं वाटलं की हा आता भलतंच काही म्हणेल किंवा निघून जाईल. बाई त्याच्या खांद्यामागं न हलता उभ्या होत्या.

"काका चांगले," त्यानं वाचलं. आवाज खाली गेला होता, पण शब्द स्वच्छ होते. "पण मला विचारत नाहीत. लातूरला जायचं नाही. माझं घर इथं. शेत माझं. कुणी पेरायचं मी सांगणार. काका पेरू शकतात. विचारून." शेवटचा शब्द त्यानं दोनदा वाचला, कारण पुनमनं तो दोनदा लिहिला होता.

सिंधुचे खांदे सैल झाले. आता आपलं काम झालं असंच तिला वाटलं असणार. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला तेव्हा ती उत्तराची वाटही बघत नव्हती. प्रश्न होता, मग आई पालक हवी का?

अंगठा उचलला गेला आणि हवेतच थांबला. पुनमची मान एका बाजूला कलली, तोंडातून लाळ आली, ती नेहमीच्या सवयीनं सिंधुनं पुढं होऊन पुसली. मग पुनमनं लिहिलं. लहानच ओळ होती.

श्रीमंतनं ती मनातल्या मनात वाचली. वहिनीकडे बघून तो जरा अडखळला. या वेळी त्याला स्वतःसाठी अवघड वाटत नव्हतं, हे मुबश्शिराला लांबूनही कळलं.

"पालक कोणीच नको," त्यानं वाचलं. "मदत हवी. आईला आई राहू दे."

सिंधु उभी होती तिथंच उभी राहिली. रुमाल तिच्या हातात होता. बाईंनी कचेरीच्या भाषेत आणखी काही विचारलं, मदत म्हणजे कोणती, सही कशी करणार, पैशाचा व्यवहार कळतो का. पुनमनं काहींची उत्तरं दिली, एकाला 'माहीत नाही, शिकेन' असं लिहिलं. सगळं श्रीमंतनंच वाचलं. शेवटी शेवटी तो ओळ पुरी व्हायच्या आधी वाचत नव्हता, अंगठा थांबेपर्यंत थांबत होता.

परतीला सगळे त्याच जीपमध्ये होते. मुबश्शिराला मुदखेडला सोडताना श्रीमंत खाली उतरला, लॅपटॉपची पिशवी त्यानं तिच्या हातात दिली आणि एवढंच विचारलं, की हे परत बिघडू नये म्हणून काय करावं लागतं. प्रत काढून ठेवावी लागते, असं ती म्हणाली. दुकानात येऊन ती स्टुलावर बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही. चांदपाशांनी काही न विचारता चहा मागवला.

समितीचा कागद पुढच्या महिन्यात आला. श्रीमंतचा अर्ज नामंजूर झाला होता. सिंधुनं आपला अर्ज त्याआधीच मागं घेतला होता. मागं घेतला ते मनापासून की रागानं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. श्रीमंतनं त्या हंगामात शेत पेरलं. पेरायच्या आधी तो खुर्चीसमोर येऊन बसला होता म्हणतात, आणि उत्तर यायला इतका वेळ लागला की त्याची तंबाखू मळून झाली, खाऊन झाली, तरी ओळ पुरी व्हायची होती. पुनमनं त्याला तूर सांगितली. त्याला सोयाबीन पाहिजे होतं. त्यावरून दोघांचं वाजलं, आणि शेवटी निम्मं निम्मं ठरलं.

पण हे सगळं नंतरचं. नांदेडहून आल्यावर आठवड्याच्या आतच सिंधु पुनमला घेऊन दुकानात आली होती, पाटीची प्रत काढायला. मुबश्शिरानं ती दोन ठिकाणी काढली. आवाज उतरवून घेतला तो जुन्यापेक्षा वेगळा निघाला, जरा जाड. पुनमनं तो ऐकला, दुसरा ऐकला, तिसरा ऐकला आणि त्यातला एक निवडला. तोवर सिंधु काउंटरला टेकून उभी होती.

"म्या तिच्याशी बोलले न्हाई नांदेडहून आल्यावर," ती खालच्या आवाजात म्हणाली. "खाऊ घालायचं, धुवायचं, समदं करायचं. पण बोलले न्हाई. तिनंबी न्हाई बोललं."

"मग?"

"मग काय. काल सकाळी चुलीपाशी व्हते, तर मागून टॅब दाखवाया लागली. आवाज तर नव्हताच. वाचायला जवळ जावंच लागलं." सिंधु हसली नाही, पण तिचा चेहरा सैल झाला. "लिवलं व्हतं, आई, किती दिवस?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, मलाबी म्हाईत न्हाई. तवर भाकर खा."